बोहनीचा हात

आत्याला वाटलं, मी खर्रा खाते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती वर्ध्याहून नाचणगावला आमच्या घरी आली होती. बायका वाण घेऊन गेल्या होत्या. आई कपबशा गोळा करत होती आणि मी दिवाणाच्या कोपऱ्यात, कोणी बोलायला येणार नाही अशा बेतानं, मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. आत्या समोर येऊन उभी राहिली. तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"काय धरून ठेवलं गालात?"

मी मान हलवली.

"काही नाई कसं? हा गाल पाहा अन् हा पाहा. वहिनी, इकडे या बरं. तुमची पोट्टी खर्रा खाऊन राह्यली."

आमच्या भागात गालाला फुगवटा दिसला की दुसरं काही कोणाच्या मनातच येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला तो गोळा पानठेल्यावरच्या माणसांच्या गालात दिवसभर असतो. पण तो माझ्या गालात? मला इतका धक्का बसला की मी नाही म्हणायचंच विसरले. आईनं हातातला ट्रे खाली ठेवला, जवळ आली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं. तिनं आधी वास घेतला, मग विचारलं.

"तोंड उघड," आत्या म्हणाली. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि न विचारता बोट आत घातलं. बोट उजवीकडे मागे, शेवटच्या दाढेपाशी जाऊन थांबलं. तिचा आवाज एकदम बदलला.

"वहिनी, हे खर्रा नाई हो. हे हाडच फुगलं हाये."

तो फुगवटा मला बरेच दिवस आरशात दिसत होता. अक्कलदाढ येत असेल असं समजून मी त्या बाजूला केस पुढे सोडायला लागले होते. दुखत मात्र कधीच नव्हतं. त्यामुळे पुलगावच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाताना मी फार घाबरले नव्हते. त्यांनी छोटा एक्स-रे काढला, बराच वेळ पाहिला, आणि नेहमीसारखी माझी चेष्टा केली नाही. लहानपणापासून ते मला "मौनीबाबा" म्हणतात. त्या दिवशी ते बाबांना म्हणाले, "माझ्या मशीनमध्ये हे मावत नाही. तुम्ही वर्ध्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. उद्याच."

"अक्कलदाढच हाय ना?" बाबांनी विचारलं.

"दाढ आहे. पण ती जिथे पाहिजे तिथे नाही."

वर्ध्याच्या हॉस्पिटलात संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. उभं राहून एका कांडीला पुढच्या दातांनी धरायचं, आणि मग ते यंत्र आपल्या डोक्याभोवती सावकाश फिरतं. बाहेर आल्यावर जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मॅडमनी आम्हाला तिघांना आत बोलावलं. त्या बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या, आणि फार सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझे सगळे दात एका ओळीत हसत होते. मी स्वतः फोटोत कधी तशी हसत नाही.

उजवीकडे हाड पांढरं दिसायला हवं होतं. तिथे काळं होतं. शेवटच्या दाढेपासून कानाच्या दिशेनं वर चढत गेलेली एक लांबट काळी पोकळी, आणि तिच्या वरच्या टोकाला, जवळजवळ कानाखाली, आडवी पडलेली माझी अक्कलदाढ. विहिरीत पडलेल्या लोट्यासारखी.

"हे काय हाये?" आईनं विचारलं.

"हाडाच्या आत गाठ आहे. सिस्ट म्हणतात. आत पाणी किंवा घट्ट द्रव असतो. ती हाड आतून खात खात लांबत गेली आहे."

बाबांनी तो प्रश्न विचारला जो त्या खोलीत येणारा प्रत्येक बाप विचारत असणार. "कॅन्सर?"

"तसं वाटत नाही. पण तुकडा तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

मग त्यांनी हातमोजे घातले आणि अंगठ्यानं माझ्या जबड्याची आतली बाजू दाबली. हाड आत गेलं. माझं हाड, बोटाखाली, आत गेलं, आणि त्यांनी अंगठा सोडल्यावर टक करून परत बाहेर आलं. तो आवाज मला कानाच्या आतून ऐकू आला. त्या आधी मला कधी वाटलंच नव्हतं की हाड हलू शकतं.

बाबांचं पुलगावला भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं पातेलं हातात घेतलं की ते बोटाच्या पेरानं बुडावर टिचकी मारून आवाज ऐकवतात. जाड भांडं बोलतं आणि पातळ भांडं कुरकुरतं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा.

"पत्रा पातळ झाला का, मॅडम?"

"बरोबर बोललात. अगदी अंड्याच्या टरफलाएवढा." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलतील असं मला वाटलं होतं, बरेच डॉक्टर बोलतात. त्या मराठीतच बोलल्या, बहुतेक आई-बाबांनाही कळावं म्हणून. "हे बघ, सध्या हा जबडा कशानंही मोडू शकतो. पडलीस, कोणाचं कोपर लागलं, काही कडक चावलंस, तरी. तो वाचवता येईल की हाडाचा तुकडा काढून तिथे धातूची पट्टी बसवावी लागेल, हे मी आज सांगू शकत नाही."

मी मान हलवली. मला विचारायचं होतं, तुकडा काढला तर माझं तोंड कसं दिसेल. मला विचारायचं होतं, बोलता येईल का. जी मुलगी असलेल्या तोंडानं फारसं बोलत नाही तिनं हे विचारावं याची मला लाज वाटली, आणि मी विचारलं नाही. आईनं विचारलं.

"येईल," मॅडम म्हणाल्या. "पण आधी ही गाठ कोणती ते कळू दे."

त्यांनी बधिर करून गाठीत सुई घातली आणि सिरिंज मागे ओढली. मी डोळे मिटायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. पाणी येईल असं वाटत होतं. आलं ते घट्ट, पिवळट पांढरं, पातळ भिजवलेल्या बेसनासारखं. हे माझ्या चेहऱ्याच्या आत होतं. मी त्याच्यासह कॉलेजला गेले, लग्नांत जेवले, पासपोर्टचा फोटो काढला.

त्याच दिवशी गाठीचा एक तुकडाही काढला होता. तो तपासून आला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, बाबा आणि मी. कॅन्सर नव्हता. बाबा खुर्चीत इतके मागे रेलले की खुर्ची सरकली. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गाठीचं नाव सांगितलं, केराटोसिस्ट, आणि ती फार कमी लोकांना होते असं सांगितलं. बाकीच्या गाठी फुग्यासारख्या गोल फुगतात, ही हाडाच्या पोकळीतून लांब वाढते, म्हणून पुष्कळ मोठी होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. तिचा पापुद्रा ओल्या कागदासारखा फाटतो, आणि त्याचा कण जरी आत राहिला तरी ती परत येते.

मग त्यांनी एक्स-रे पुन्हा लावला आणि पेनानं डाव्या बाजूला, वरच्या जबड्यात, दाखवलं. तिथेही एक काळा ठिपका होता, वाटाण्याएवढा.

"दुसरी?" मी म्हणाले. त्या खोलीत मी आपणहून बोललेला तो पहिला शब्द.

"हो. एक असती तर मी काही विचारलं नसतं. हात दाखव बरं."

मी समजले की नाडी पाहायची आहे. त्यांनी तळवा वर केला, टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि बोटांच्या मुळाशी पाहिलं. मग सिस्टरला म्हणाल्या, "एका बाऊलमध्ये पाणी आणा. दोन्ही हात थोडा वेळ बुडवून ठेवू दे हिला."

पाण्यात हात का बुडवायचा, हे मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या घरी दर धनतेरसला, दुकान उघडण्याआधी, नव्या तांब्याच्या कळशीत पाणी भरतात आणि माझा उजवा हात त्यात बुडवायला लावतात. हात भिजला की तळव्यावरचे बारीक खड्डे उठून दिसतात, टाचणीनं टोचल्यासारखे, तळाशी लालसर. एरवी ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. स्टीलच्या भांड्यावर नाव घालताना यंत्र टिंब टिंब करत जातं ना, तशी ती टिंबं. घरात म्हणतात, लक्ष्मीनं या हातावर आपलं नाव घालायला घेतलं आहे. ज्याच्या हातावर टिंबं, त्याच्या हातून दिवसाची पहिली विक्री, बोहनी. आधी आजोबांचा हात होता, मग बाबांचा, आणि मी शाळेत असताना माझ्या तळव्यावर टिंबं उठली तेव्हापासून माझा. अख्ख्या बाजारासमोर गिऱ्हाइकाच्या हातात भांडं द्यायला मला जीव नकोसा होत असे, पण तो एक दिवस मी या घराची कोणीतरी असे.

आत्याच्या हातावर टिंबं नाहीत. लहानपणी तिचाही हात दर वर्षी बुडवायचे, काढायचे, काही नसायचं. बोहनीच्या वेळी ती अजूनही मागे, गोदामाच्या दारात उभी राहते.

हॉस्पिटलातलं बाऊल स्टीलचं होतं. मी हात बाहेर काढले. टिंबं उठली होती.

मॅडमनी एका शिकाऊ डॉक्टर मुलीला बोलावून माझा तळवा दाखवला. ती इंग्रजीत भराभर काही म्हणाली आणि मला त्यातला प्रत्येक शब्द कळला. मला इंग्रजी येतं याचा मला त्या क्षणी राग आला. मॅडमनी तिला थांबवलं.

"घरात आणखी कोणाच्या हातावर असे खड्डे आहेत?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

"ते आमच्या घरची खूण हाये, मॅडम," ते म्हणाले. "चांगली असते ते."

"तुमच्याही हातावर आहेत?"

"हाव."

"आणि तुमचे दात? डावीकडचे खालचे काढलेले दिसतात."

"ते त लई वर्षं झाले. पू होऊन राह्यला होता. काढून टाकले, बसलं ते."

"या बाऊलमध्ये हात घाला जरा."

बाबांनी हात खिशातून काढले. जन्मभर भांडी हाताळून त्यांचे तळवे जाड झाले आहेत, पण पाण्यातून बाहेर आल्यावर त्या जाड कातडीतही ती दिसली. आमचे दोन हात दिव्याखाली शेजारी शेजारी होते. मी त्यांच्यासारखी दिसत नाही, सगळे म्हणतात आईवर गेली. फक्त तळवे त्यांचे.

मॅडमनी सावकाश समजावलं. हे खड्डे आणि जबड्यातल्या या गाठी एकाच मुळातून येतात. रक्तातून, आई किंवा वडिलांकडून. एका मुलाला येतं, दुसऱ्याला येत नाही. त्याचं एक लांब इंग्रजी नाव आहे. अशा माणसांना जन्मभर जबडा तपासत राहायला लागतं.

"म्हंजे," बाबा म्हणाले, "मीच देलं का हे तिले?"

"कोणी देत नसतं. येतं."

बाबांचाही एक्स-रे तिथेच काढला. जिथले दात काढून "बसलं" होतं, तिथे हाडात काळी पोकळी होती, माझ्यापेक्षा लहान. मी तिच्याकडे पाहत राहिले. धनतेरसला मला कडेवर घेऊन ते गल्ल्याजवळ उभे असायचे तेव्हाही ती तिथे असेल का, असं माझ्या मनात आलं. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोत त्यांचा एक गाल वर आलेला आहे. आम्ही समजत होतो, फोटोवाल्यानं नीट बसवलं नाही.

"आधी तिचं करा," बाबा म्हणाले. "माझं मंग पाहू."

"तुमचं थांबू शकतं, पण दिवाळीपर्यंत. त्यापुढे नाही."

परत येताना बसमध्ये बाबा पुलगावपर्यंत मुठी मिटून बसले होते. कंडक्टरला तिकिटाचे पैसे देण्यापुरता एक हात उघडला.

माझ्या जबड्याचा तुकडा लगेच काढायचा नाही असं मॅडमनी ठरवलं. आधी गाठीला एक भोक पाडून त्यात छोटी नळी बसवली. गाठ आतून रिकामी राहिली की आकसते आणि तिच्या भोवती हाड परत भरू लागतं. भरलं तर जबडा वाचेल. नाही भरलं तर पट्टी. तोपर्यंत त्या नळीतून रोज मिठाचं पाणी सोडून गाठ धुवायची. उन्हाळा त्यातच गेला. वर्ध्याच्या उन्हात लोक सावली शोधत होते आणि मी सगळ्या कडक गोष्टींपासून पळत होते: भाकरीची कड, भुट्टा, फुटाणे, आंब्याची कोय. बसमध्ये मी खिडकीकडे उजवा गाल करून बसायची, कोणाचं कोपर लागू नये म्हणून.

सुरुवातीला आई धुवायची. ती दर वेळी अर्ध्यावर थांबून "दुखते का?" विचारायची. मग बाबांनी सिरिंज घेतली. मी आरशासमोर तोंड उघडून बसायची आणि ते चष्मा कपाळावर चढवून नळीचं तोंड शोधायचे. आम्ही दोघंही बोलायचो नाही. माझं तोंड उघडं असायचं आणि त्यांना बोलायची सवय फक्त गिऱ्हाइकांशी. एकदा पाण्याबरोबर ते पिवळट कण बाहेर आले. त्यांनी बेसिनमध्ये वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे माझ्यातबी असन." मग नळ सोडून धुऊन टाकले.

आत्या दर आठवड्याला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा बाबांनी तिला सगळं सांगितलं, टिंबांचंही. ती उठून मोरीत गेली, बादलीत हात बुडवून बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा ओला तळवा तिनं साडीला पुसला नव्हता. तो समोर धरून ती आमच्याकडे पाहत होती. स्वच्छ होता.

"मले वाटे मी कमनशिबी," ती म्हणाली आणि खाली बसली. आनंद करायचा की नाही हे तिला कळत नव्हतं. आम्हालाही.

पावसाळा संपता संपता एक्स-रे काढला. काळ्या पोकळीच्या कडेनं पांढरं धरलं होतं. मॅडमनी पुन्हा अंगठ्यानं दाबलं. टक वाजलं नाही.

ऑपरेशन नवरात्रात झालं. नाकातून नळी घालून भूल दिली. त्यानंतरचं मला जे सांगितलं गेलं तेवढंच माहीत आहे: गाठ पापुद्र्यासकट निघाली, भोवतीचं हाड खरवडलं, कण राहू नयेत म्हणून औषधाचा बोळा फिरवला, कानाखालची दाढ आणि तिच्या शेजारची एक काढली, आणि डावीकडची लहान गाठही. जागी झाले तेव्हा जीभ उजवीकडे नेऊन मी आधी हाड शोधलं. चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, पण खाली हाड होतं. खालचा ओठ मात्र उजवीकडून नव्हता. म्हणजे होता, दिसत होता, मला लागत नव्हता. आई चमच्यानं पाणी पाजत होती आणि ते हनुवटीवरून ओघळत होतं, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

"ओठाची नस गाठीच्या भिंतीला चिकटली होती," मॅडम म्हणाल्या. "ती वाचवली आहे. हळूहळू येईल. थोडं कदाचित येणार नाही."

धनतेरसच्या आधी पुन्हा एक्स-रे झाला. जबडा राहणार. अजून वर्षानुवर्षं तपासायला यायचं आहे, ती परत येऊ शकते, पण आता चावायला हरकत नाही, दोन्ही बाजूंनी, सावकाश. बाबांना दिवाळी झाल्या झाल्याची तारीख मिळाली. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही, पण दुकानात नोकरांना सामान कुठे काय आहे ते दाखवायला लागले.

धनतेरसला सकाळी दुकानात कळशी भरलेली होती. सवयीनं कोणीतरी भरली असणार. पाणी पाहून आम्ही सगळे थांबलो. मी हात पाठीमागे घेतले.

"बोहनी त करावीच लागते," बाबा म्हणाले. शटरबाहेर पहिलं गिऱ्हाईक उभं होतं, केळझरकडची एक बाई, तिला इडलीपात्र हवं होतं. बाबांनी गोदामाच्या दारात उभ्या आत्याकडे पाहिलं. "बाई, इकडे ये. तू दे."

आत्या जागची हलली नाही. "माझा हात रिकामा हाये, दादा."

"म्हणूनच त."

"लोकं काय म्हणतीन?"

"गिऱ्हाइकाले इडलीपात्र पाह्यजे. तुझा हात नाई पाह्यजे."

ती बाई हसली. आत्या पुढे आली, इडलीपात्र दोन्ही हातांनी उचललं आणि इतकं घट्ट धरलं की बाईला ते ओढून घ्यावं लागलं. कळशीतलं पाणी आईनं पायरीवरच्या तुळशीला घातलं.

मग धणे-गूळ वाटला. सगळ्यांनी आपापला तळहातावर घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की कोणी खात नाहीये. सगळे माझ्याकडे पाहत होते. गुळात अख्खे धणे होते.

"उजवीकडून चाव," आत्या म्हणाली. तीच, जिनं माझ्या गालात बोट घातलं होतं.

मी उजवीकडे घेतलं. ओठाला गूळ लागला की नाही कळलं नाही. दाढ खाली आणली, फार सावकाश. धणा फुटल्याचा आवाज कानाच्या आत आला आणि मी दचकून थांबले. बाबांनी माझ्याकडे मान वाकवली, पातेल्याला टिचकी मारून ऐकतात तशी.

"धणा होता," मी म्हणाले, आणि दुसरा चावला.